केबिन भाड्याने मिळेल (पण कोणाला?)

अमेरिकेतल्या नातेवाइकांचे फोटो बघणाऱ्या प्रत्येकाने हा एक फोटो नक्की पाहिलेला असतो. ओंडक्यांचं घर, मागे तळं, लाकडी धक्क्यावर पालथी घातलेली होडी, आणि मागे कललेल्या रुंद हातांच्या लाकडी खुर्चीत स्वेटर घालून बसलेले आपले कोणीतरी काका किंवा मामी. कुठे गेला होतात, तर "केबिन घेतली होती, चार दिवस". पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. तिथे बघायला काय आहे?

खरं उत्तर "काही नाही" असं आहे. देऊळ नाही, किल्ला नाही, सनसेट पॉइंट नाही, भजीची टपरी नाही. तीनशे मैल गाडी हाणून जायचं, आठवड्याचं भाडं आगाऊ भरायचं, चादरी आपल्याच न्यायच्या, स्वयंपाक आपणच करायचा, आणि रात्री शेकोटीशी बसून डास मारायचे. माझ्या आईने पहिल्यांदा हे सगळं ऐकल्यावर "म्हणजे पैसे देऊन चूल फुंकायला जाता?" असं विचारलं होतं. त्यावर अजून मला चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

पण हे वेड आलं कुठून, ह्याचं उत्तर मात्र सापडतं. मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे राहतो. न्यूयॉर्क म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गगनचुंबी इमारती येतात, पण ते शहर राज्याच्या दक्षिणेच्या एका टोकाला आहे. वरच्या बाजूला ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ जंगलाचा प्रदेश आहे. आकार सुमारे ६० लाख एकर, म्हणजे पुणे आणि रायगड हे दोन जिल्हे एकत्र केले तरी ह्यापेक्षा थोडे कमीच भरतील. त्यात जवळजवळ तीन हजार तळी. आठवड्याच्या भाड्याने जंगलात घर घेऊन राहायची अमेरिकन पद्धत जिथे खऱ्या अर्थाने रुजली, त्या जागांपैकी ही अगदी पहिल्या रांगेतली. वीसेक वर्षं आम्ही तिथे जातोय, आणि मी स्वभावाने इंजिनियर असल्यामुळे केबिनमध्ये बसल्यावर ती केबिन कोणी, कधी आणि का बांधली हे शोधत बसतो. त्या शोधाशोधीतून निघालेली ही गोष्ट.

सुरुवात ओंडक्यांपासून करू. ओंडक्यांचं घर ही अमेरिकेची अगदी ओळख मानतात, पण मुळात ती इंग्रजांची वस्तूच नव्हे. व्हर्जिनिया-मॅसॅच्युसेट्सला उतरलेले इंग्रज चौकट उभी करून फळ्या ठोकत. ओंडके आडवे रचून कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायची पद्धत आणली स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. १६३८ साली डेलावेअर नदीच्या काठी त्यांनी वसाहत केली तेव्हा. बांधकाम म्हणून हे घर फार हुशार आहे. एक कुऱ्हाड आणि दोन माणसं पुरतात, खिळा लागत नाही, कोपऱ्याची खाचच सगळा भार धरते. फटींत माती आणि शेवाळ कोंबलं की झालं. अर्थात हे गरिबाचं घर. जरा चार पैसे आले की लोक फळ्यांचं घर बांधून ओंडक्यांच्या घरात गुरं बांधत.

ह्या गरिबाच्या घराला प्रतिष्ठा दिली ती निवडणुकीने. १८४० साली विल्यम हेन्री हॅरिसन राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. म्हाताऱ्याला पिंपभर सायडर आणि थोडं पेन्शन द्या, तो आपला ओंडक्यांच्या घरात स्वस्थ बसेल, अशा अर्थाची टवाळी विरोधी पक्षाच्या एका वर्तमानपत्राने केली. हॅरिसनच्या माणसांनी ती टवाळीच उचलली. मिरवणुकीत गाड्यांवर ओंडक्यांची घरं, बिल्ल्यांवर ओंडक्यांची घरं, सभेला फुकट सायडर. गंमत अशी की हा हॅरिसन व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराच्या विटांच्या हवेलीत जन्मलेला. (निवडणूक आली की झोपडीत जेवायला जाणारे पुढारी आपल्यालाही ठाऊक आहेत, तेव्हा आपण हसायला नको.) तो निवडून आला आणि शपथ घेतल्यापासून महिनाभरातच वारला. पण केबिन म्हणजे साधा, सच्चा, कष्टाळू अमेरिकन हे समीकरण पक्कं झालं ते झालंच. पुढे लिंकन खरोखरच केंटकीतल्या अशा घरात जन्मला. त्याच्या जन्मगावी १९११ साली ग्रॅनाइटचं देवळासारखं स्मारक बांधून आत एक केबिन ठेवली. नंतर लाकडाची वर्तुळं मोजली तेव्हा ते ओंडके लिंकनच्या जन्मानंतरचे निघाले. लोक अजून भक्तिभावाने बघायला जातात.

त्याच १८४० साली, हॅरिसनचा प्रचार जोरात असताना, कनेक्टिकट राज्यातल्या गिलफर्ड गावी एका घरात मुलगा झाला आणि आईबापांनी त्याचं नाव उमेदवारावरून विल्यम हेन्री हॅरिसन मरे असं ठेवलं. हा मरे पुढे बॉस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चचा पाद्री झाला. पाद्री असून त्याला शिकारीचा आणि मासेमारीचा भारी नाद. उन्हाळ्यात ॲडिरॉन्डॅकला जाऊन तो वाटाड्याबरोबर होडीतून हिंडायचा. १८६९ च्या एप्रिलमध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं. किस्से तर त्यात होतेच, पण कोणती गाडी पकडायची, कोणत्या हॉटेलात उतरायचं, वाटाड्याला दिवसाचे अडीच डॉलर द्यायचे, काय कपडे आणायचे, हे सगळं तपशिलवार लिहिलेलं. बायकांनीही यावं असं त्याने आग्रहाने लिहिलं. हे त्या काळात नवीन होतं. आणि एक क्षयाचा मरणोन्मुख तरुण इथल्या हवेत कसा खडखडीत बरा झाला, हेही लिहिलं.

पुस्तक धो धो खपलं. त्या उन्हाळ्यात बॉस्टन-न्यूयॉर्कच्या लोकांची अशी झुंबड उडाली की हॉटेलांत माणसं जमिनीवर झोपू लागली. नेमका उन्हाळा पावसाळी निघाला. काळ्या माश्यांनी लोकांना फोडून काढलं, वाटाडे मिळेनात, आणि बरे व्हायला आलेले बरेच क्षयरोगी तिथेच गेले. वर्तमानपत्रांनी ह्या गर्दीला "मरेचे मूर्ख" असं नाव ठेवलं. तरीही लोक पुढच्या वर्षी पुन्हा आले! इथे मला वाटतं आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. गिरण्यांचा धूर, कॉलरा, गर्दी ह्यांत राहणाऱ्या मध्यमवर्गाला आपण शहरात राहून काहीतरी गमावतोय असं पहिल्यांदा वाटायला लागलं होतं. आणि आगगाडी आल्यामुळे ते गमावलेलं दोन आठवड्यांच्या सुट्टीत परत मिळवता येईल अशी सोय झाली होती. दोन्हीपैकी एक नसतं तर मरेचं पुस्तक पडून राहिलं असतं.

आगगाडीवरून आठवलं. त्याच १८६९ साली अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा रेल्वेमार्ग पुरा झाला. त्यात ज्याने बक्कळ (आणि फारसा स्वच्छ नव्हे असा) पैसा केला त्या थॉमस ड्युरंटने ॲडिरॉन्डॅकमध्ये रेल्वे घातली. ती १८७१ साली नॉर्थ क्रीक गावापर्यंत पोचली. त्याचा मुलगा विल्यम वेस्ट ड्युरंट युरोपात वाढलेला, शौकीन. त्याने रॅकेट लेक नावाच्या तळ्याकाठी "कॅम्प पाइन नॉट" बांधायला घेतलं. स्विस पद्धतीचं छप्पर, पण भिंतींना सालासकट ओंडके, कठड्यांना वाकड्या फांद्या, खोल्यांना बर्चच्या सालीचं अस्तर. बाहेरून जंगलातली झोपडी, आत गालिचे आणि नोकरचाकर. बघता बघता सगळ्या गर्भश्रीमंतांना असा कॅम्प हवासा झाला. ड्युरंटने बांधलेल्यांपैकी एक जे. पी. मॉर्गनने घेतला, तर सॅगमोर नावाचा १९०१ साली आल्फ्रेड व्हँडरबिल्टने. ड्युरंट स्वतः मात्र कर्ज आणि बहिणीशी झालेले खटले ह्यांत धुऊन निघाला. आजही इथे दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरालासुद्धा लोक "कॅम्प" म्हणतात. आमच्या ऑफिसातला तंत्रज्ञ "शनिवारी कॅम्पवर चाललोय" म्हणाला तेव्हा हा तंबू ठोकणार असं मला बरेच दिवस वाटायचं.

भाड्याने घर देण्याचा धंदा मात्र श्रीमंतांनी नव्हे, आजाऱ्यांनी वाढवला. एडवर्ड ट्रुडो नावाचा न्यूयॉर्कचा तरुण डॉक्टर १८७३ साली क्षय झाला म्हणून इथे मरायला आला आणि चक्क जगला. त्याने सॅरनॅक लेक ह्या गावी १८८४ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. एक मोठी इमारत न बांधता छोटी छोटी घरं बांधली. पहिलं घर लाल रंगाचं, त्यात १८८५ च्या फेब्रुवारीत गिरणीत काम करणाऱ्या दोन बहिणी राहायला आल्या. उपचार काय, तर विश्रांती, खाणं आणि उघडी हवा. उणे वीस तापमानातसुद्धा रोग्याने पांघरुणात गुंडाळून व्हरांड्यात पडून राहायचं. आरोग्यधामात जागा पुरेना, तेव्हा गावातल्या लोकांनी आपापल्या घरांना काचेचे व्हरांडे काढून खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. गावात फिरलात तर ते व्हरांडे अजून दिसतात. पाचगणीच्या जुन्या बंगल्यांचे व्हरांडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८७-८८ चा हिवाळा इथेच एका घराचा अर्धा भाग भाड्याने घेऊन काढला. संगीतकार बेला बार्टोक आजारपणात, शेवटच्या उन्हाळ्यांत, इथेच भाड्याच्या घरात राहून लिहीत होता. क्षयावर औषधं आली आणि १९५४ साली आरोग्यधाम बंद झालं. रोगी गेले, खोल्या उरल्या, त्या पर्यटकांना मिळू लागल्या.

आता थोडं जंगलाविषयी, कारण केबिन कुठे आहे आणि कुठे नाही हे त्याच्यावर ठरतं. मरेच्या काळात इथे प्रचंड लाकूडतोड चालू होती. ती थांबवावी असं न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना वाटू लागलं ते काही पक्ष्यांच्या प्रेमामुळे नव्हे. डोंगर उघडे पडले तर हडसन नदी आणि ईरी कालवा गाळाने भरतील, आणि बंदराचा धंदा बसेल, ही भीती. म्हणून १८८५ साली सरकारी जमीन राखीव झाली, १८९२ साली नकाशावर निळ्या रेघेने पार्कची हद्द आखली, आणि १८९४ साली राज्याची घटना नव्याने लिहिताना त्यात कलम घातलं की ही सरकारी जमीन कायमची रानच राहील, ती विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, तिथलं झाड तोडता येणार नाही. एकही मत विरोधात पडलं नाही.

हे साधं कायद्याचं कलम नाही, घटनेचं कलम आहे. बदल करायचा तर विधिमंडळाने लागोपाठच्या दोन मुदतींत ठराव करायचा आणि मग सगळ्या राज्याने मतदान करायचं. १९५९ साली महामार्गासाठी तीनशे एकर लागले, मतदान. २००७ साली रॅकेट लेक गावाला पिण्याच्या पाण्यासाठी एक एकरभर जागा हवी होती, मतदान. २००९ साली टपर लेक गावाला विजेची तार ओढायची होती, पुन्हा मतदान! एका विजेच्या लाइनसाठी ब्रुकलिनमधल्या माणसाने मत द्यायचं, हे प्रकल्पाच्या मुदती सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला भयंकर वाटतं. पण सव्वाशेहून जास्त वर्षं जंगल टिकलं ते ह्याच भयंकरपणामुळे, हेही मान्य करायला हवं. तर, पार्कची निम्म्याहून थोडी कमी जमीन सरकारी आहे आणि तिच्यावर भाड्याची केबिन असूच शकत नाही. फार तर तीन भिंतींचा उघडा आडोसा असतो, तो फुकट. तुम्ही घेता ती केबिन मधल्या खाजगी तुकड्यांवरची.

ह्या कलमाचा भार उचलला तो स्थानिकांनी. पिढ्यान्पिढ्या जळण तोडणारे, हरणं मारणारे शेतकरी एका रात्रीत लाकूडचोर ठरले. श्रीमंतांनी हजारो एकर विकत घेऊन "प्रवेश बंद"च्या पाट्या ठोकल्या. विल्यम रॉकफेलरने (जॉनचा भाऊ) ऑलिव्हर लॅमोरा नावाच्या म्हाताऱ्या सैनिकाला आपल्या हद्दीत मासे धरले म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात खेचलं. १९०३ साली ओरँडो डेक्स्टर ह्या दुसऱ्या बड्या जमीनदाराला त्याच्याच रस्त्यावर कोणीतरी गोळी घालून मारलं. खुनी कधीच सापडला नाही. गावात कोणाला काही माहीत नव्हतं असं निदान गावकरी म्हणत होते. अभयारण्यातून उठवलेल्या आपल्या गावांच्या हकिगती ज्यांनी वाचल्यात त्यांना ह्यातला एकही तपशील परका वाटणार नाही.

आणि आता शीर्षकातल्या कंसाकडे येतो.

२००३ सालची गोष्ट. इंटरनेटवर केबिनची जाहिरात असायची, पण ठरवायचं फोनवर. मी एका मालकाला फोन केला. ऑगस्टचा दुसरा आठवडा मोकळा आहे असं तो उत्साहाने म्हणाला, होडी पण देईन म्हणाला. मग नाव विचारलं. मी नाव सांगितलं, एकेक अक्षर करून स्पेलिंग सांगितलं. पलीकडे थोडी शांतता. मग, "अरे, माझ्या बायकोने तो आठवडा आधीच कोणाला तरी दिलेला दिसतोय." दुपारी जेवताना मी हे आयरिश आडनावाच्या एका सहकाऱ्याला सांगितलं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला. आठवडा मोकळा होता, होडीही मिळणार होती. तो इतका भडकला की मलाच त्याला शांत करावं लागलं. आम्ही दुसरीकडे केबिन घेतली. तिथली मालकीण रोज सकाळी मुलांना ताजे मफिन आणून द्यायची, आणि आमच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजला तेव्हा शिडी घेऊन स्वतः धावत आली. म्हणजे हिशोब एकाला एक. पण मी त्यानंतर जुने कागद वाचायला लागलो.

लेक प्लॅसिड हे इथलं सगळ्यात प्रसिद्ध गाव, दोनदा हिवाळी ऑलिंपिक झालेलं. त्याच्या शेजारी नॉर्थ एल्बा. १८४६ साली गेरिट स्मिथ ह्या गुलामगिरीविरोधी जमीनदाराने इथली सुमारे १,२०,००० एकर जमीन तीन हजार काळ्या लोकांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटायला काढली. दानधर्माहून ह्यात जास्त काही होतं. न्यूयॉर्क राज्यात गोऱ्याला मत द्यायला मालमत्तेची अट नव्हती, काळ्याला मात्र २५० डॉलरची मालमत्ता असल्याशिवाय मत नव्हतं. जमीन म्हणजे मत. प्रत्यक्षात थोडीच कुटुंबं आली. थंडी, खडकाळ जमीन, शेतीचा अनुभव नाही. त्यांच्या वस्तीला टिंबक्टू म्हणत. त्यांना मदत करायला १८४९ साली जॉन ब्राऊन सहकुटुंब इथे राहायला आला. हाच तो, दहा वर्षांनी गुलामांचं बंड उभारायला निघून फासावर गेलेला. त्याची कबर इथेच आहे.

त्याच परिसरात १८९५ साली एक क्लब निघाला. चालक कोण, तर मेल्व्हिल ड्युई. होय, तोच. आपल्या गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले ते दशांश आकडे ज्याने शोधले तो, न्यूयॉर्कचा सरकारी ग्रंथपाल. ज्ञानाच्या प्रत्येक शाखेला जागा देणाऱ्या ह्या गृहस्थाच्या क्लबात क्षयरोगी आणि ज्यू ह्यांना पाहुणे म्हणूनही जागा नव्हती, आणि तसं माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं होतं. काळ्यांना प्रवेश फक्त नोकर म्हणून. हे त्याच्या एकट्याचं नव्हतं. पार्कच्या दारातल्या सॅराटोगा गावी १८७७ साली जोसेफ सेलिग्मन ह्या मोठ्या ज्यू बँकरला ग्रँड युनियन हॉटेलने खोली नाकारली होती. यादवी युद्धात लिंकनच्या सरकारचे रोखे विकून देणारा हा माणूस. तेव्हापासून तर तळ्याकाठच्या हॉटेलांत ही फॅशनच झाली.

ह्याला दोन प्रकारची उत्तरं निघाली. एक, आपलं वेगळं घर बांधणं. १८९९ च्या सुमारास सहा ज्यू कुटुंबांनी लोअर सॅरनॅक तळ्याकाठी नॉलवुड नावाची सहा घरांची वसाहत बांधायला घेतली. त्यात डॅनियल गुगेनहाइम होता आणि लुई मार्शल नावाचा वकील होता. दुसरं उत्तर ह्या मार्शलचं. १८९४ च्या घटना परिषदेत तो सभासद होता, आणि १९१५ च्या परिषदेत जंगलाचं ते कलम मोडायला निघालेल्यांशी जो भांडला त्यात तोच आघाडीवर. १९०५ साली त्याने आणि इतरांनी ड्युईविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. तुमचा पगार ज्यूंच्याही करातून जातो, एवढाच मुद्दा. ड्युईला जाहीर समज मिळाली आणि त्याच वर्षी त्याने ग्रंथपालपद सोडलं. क्लब तसाच चालू राहिला. मग मार्शलने मसुदा केलेला कायदा १९१३ साली राज्याने केला. हॉटेल, उपाहारगृह वगैरेंनी "अमुक धर्माच्या, वंशाच्या लोकांना इथे प्रवेश नाही" असं छापायला बंदी. छापायला! वागायला नव्हे. मग जाहिरातीत "निवडक पाहुणे", "जवळच चर्च" असे शब्द येऊ लागले, आणि ज्याला समजायचं त्याला समजायचं.

नॉलवुडमधलं एक घर पुढे बऱ्याच उन्हाळ्यांत आल्बर्ट आइनस्टाइन भाड्याने घेत असे. पोहता येत नसून शिडाच्या होडीतून तळ्यात एकटा भटकायचा. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बाँब पडल्याची बातमी रेडिओवरून त्याला कळली ती ह्याच घरात.

ह्या सगळ्यात आपण कुठे होतो? आपले ज्ञानकोशकार केतकर १९०६ साली अमेरिकेत आले आणि ह्याच राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकले. त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली इथल्याच इथाका गावी निघाला. लेक प्लॅसिडचा क्लब तेव्हा जोरात होता. केतकर तिकडे गेल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, आणि गेले असते तर विषय जुनाच निघाला असता. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात हिंदी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं. ते दार थोडंसं उघडलं १९४६ साली, वर्षाला शंभर माणसांपुरतं. काळ्या प्रवाशांसाठी तर हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन ह्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून चक्क पुस्तिका काढली होती, कोणत्या गावात कोणाकडे झोपायला मिळेल ह्याची.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल-खोली नाकारणं देशभर बेकायदा झालं. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, स्थलांतराचा नवा कायदा आला आणि आमच्यासारखे इंजिनियर-डॉक्टर येऊ लागले. १९४६ चा कायदा, १९६४ चा कायदा आणि १९६५ चा कायदा ह्या तिन्हींमागे एक माणूस समान आहे. इमॅन्युएल सेलर, ब्रुकलिनचा ज्यू खासदार, प्रतिनिधीगृहात जवळजवळ पन्नास वर्षं बसलेला. आमच्या मंडळाच्या गणपतीत कोणाच्या तोंडी हे नाव मी ऐकलेलं नाही. १९६४ च्या कायद्यात पळवाट राहिलीच. मालक त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाचापेक्षा जास्त नसतील, तर तो कायदा लागू नाही. वेगळ्या उभ्या केबिनला ही सूट मिळते का, हे वकिलांनी ठरवावं.

फोन जाऊन वेबसाइट आल्या तेव्हा मला वाटलं नावाचा प्रश्न मिटला. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१५ साली पाच शहरांतल्या एअरबीएनबीच्या सुमारे ६,४०० जाहिरातींना पत्रं पाठवली. मजकूर तोच, फक्त नावं काही गोऱ्या वळणाची, काही काळ्या वळणाची. काळ्या नावांना होकार मिळायचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघालं. ही बातमी मी पुण्यातल्या मित्राला पाठवली. तो त्या वेळी भाड्याने घर शोधत होता. त्याने उत्तरात दलालाचा निरोप जसाच्या तसा पुढे पाठवला, "आडनाव काय, आणि नॉनव्हेज खाता का?"

लेक प्लॅसिडचा क्लब १९८० च्या ऑलिंपिकनंतर बंद पडला, इमारती जळाल्या, पाडल्या गेल्या. २०१९ साली अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून ड्युईचं नाव काढलं. टिंबक्टूवरचं प्रदर्शन जॉन ब्राऊनच्या शेतावरच्या गोठ्यात बघायला मिळतं. ती मागे कललेली लाकडी खुर्चीही इथलीच. १९०३ च्या सुमारास वेस्टपोर्ट गावच्या थॉमस लीने बनवली आणि ज्या सुतारमित्राला दाखवली त्याने १९०५ साली तिचं पेटंट आपल्या नावावर काढलं! व्हँडरबिल्टच्या सॅगमोरमध्ये आता कोणालाही पैसे भरून राहता येतं. आम्ही एकदा राहिलो, पण स्वतःची चूल नसल्यामुळे घरच्यांना पसंत पडलं नाही.

तर, इकडे मुलांकडे येणार असाल आणि ती केबिनला नेतो म्हणाली, तर मे-जूनमध्ये होकार देऊ नका. मरेच्या वेळच्या काळ्या माश्या तशाच आहेत, आणि त्या कानामागेच चावतात. जुलैअखेर किंवा ऑगस्ट उत्तम. चांगल्या केबिन शनिवार ते शनिवार अशाच मिळतात आणि फेब्रुवारीतच संपतात. चादरी, टॉवेल, कुकर आणि चहाची भुकटी घरून. जळाऊ लाकूड मात्र घरून नेऊ नका. पन्नास मैलांपलीकडून आणायला बंदी आहे, लाकडातून झाडांची कीड पसरते म्हणून. ते तिथेच रस्त्याच्या कडेला मोळ्या रचून ठेवलेलं असतं, शेजारी पैसे टाकायला डबा. मालक नसतो.